झेंडा कधी चढवला, ते विचारा

१७ जून २०१५ च्या रात्री अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहरातल्या इमॅन्युएल चर्चमध्ये एक गोरा तरुण शिरला. आत बायबलचा अभ्यासवर्ग चालू होता. जमलेल्या कृष्णवर्णीय मंडळींनी त्याला जागा करून दिली. जवळजवळ तासभर तो त्यांच्यात बसला, मग पिस्तूल काढून त्याने नऊ जणांचे प्राण घेतले. चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी त्यांपैकी एक. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. काही दिवसांतच खुन्याचे फोटो बाहेर आले. त्यांत त्याच्याजवळ होता तांबड्या कापडावर निळी फुली आणि फुलीत तेरा पांढरे तारे असलेला कॉन्फेडरेट झेंडा.

राजधानी कोलंबियात विधिभवनाच्या घुमटावरचे देशाचे आणि राज्याचे ध्वज शोक म्हणून अर्ध्यावर आले. त्याच आवारात तीस फुटी खांबावर असलेला कॉन्फेडरेट झेंडा मात्र पूर्ण उंचीवर फडकत राहिला. त्याला हात लावायचा तर विधिमंडळाची मंजुरी हवी, अशी तजवीज २००० सालच्या कायद्यातच करून ठेवली होती. पिंकनी यांची शवपेटी अंत्यदर्शनासाठी विधिभवनात आणली, तेव्हा झेंड्याच्या बाजूच्या खिडकीवर काळे कापड टाकण्यात आले. झेंडा हलवता येईना, म्हणून खिडकी झाकली.

या झेंड्याच्या बाजूने एक ठरलेले वाक्य आहे, मोटारींच्या बंपरवर आणि टी-शर्टवर छापलेले: हा वारसा आहे, द्वेष नव्हे. वारसा की द्वेष, यावर अमेरिकेत कित्येक वर्षे वाद घातला जात आहे आणि पुढेही घातला जाईल, कारण माणसाच्या मनातल्या हेतूचा पंचनामा करता येत नाही. तारखांचा करता येतो. सरकारी इमारतींवर हा झेंडा कोणी, कधी आणि कशाच्या निमित्ताने चढवला, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्या चाळल्या की वारशाची भाषा बरीच लंगडी पडते.

आधी मूळ प्रकरण. दक्षिणेतली अकरा राज्ये १८६०-६१ मध्ये फुटून निघाली आणि त्यांनी ‘कॉन्फेडरसी’ हा स्वतःचा संघ स्थापन केला; त्यातून यादवी युद्ध पेटले. (तारे तेरा, कारण केंटकी आणि मिसूरी हीसुद्धा आपलीच, असा त्यांचा दावा होता.) भांडण राज्यांच्या हक्कांचे होते, गुलामगिरीचे नव्हते, असे आजही ठासून सांगितले जाते. फुटून निघालेली माणसे मात्र इतका आडपडदा ठेवत नव्हती. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे जाहीर भाषणात सांगितले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या तत्त्वावरच नव्या सरकारची कोनशिला बसवलेली आहे. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीच्या संस्थेशी आपण पूर्णपणे एकरूप असल्याचे लिहून ठेवले. अमेरिकेत त्या वेळी सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीत होती.

आज दिसतो तो झेंडा या संघाचा पहिला राष्ट्रध्वज नव्हताच. पहिला ध्वज अमेरिकेच्या ध्वजाशी इतका मिळताजुळता होता, की जुलै १८६१ मध्ये मनासासच्या लढाईत धुरात आपले कोण आणि शत्रूचे कोण, हे कळेना. मग जनरल ब्यूरगार्ड यांनी रणांगणासाठी हा फुलीचा नमुना उचलला. १८६३ मध्ये तो पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात बसवून राष्ट्रध्वज करण्यात आला, तेव्हा सव्हानाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने त्या ध्वजाचे गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे चिन्ह म्हणून कौतुक केले होते.

मराठी मुलखाला हे युद्ध अगदीच परके नाही. दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला, लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला आणि भलेभले शेठ रस्त्यावर आले. दुसरा धागा अधिक मोलाचा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून, युद्ध संपल्यावर आठ वर्षांत, जोतीरावांना ती लढाई कशासाठी होती हे नेमके कळले होते. दक्षिणेतल्या अनेक शाळांतल्या मुलांना ते पुढच्या शंभर वर्षांत कळू दिले गेले नाही.

दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांनी ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. चार वर्षांनी गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारकखुणा करण्यासाठी त्यांना बोलावणे आले, तेव्हा त्यांनी नकार कळवला. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवणे शहाणपणाचे नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या वारसदारांना ते मानवले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. पराभवाचे रूपांतर एका उदात्त पण हरलेल्या ध्येयाच्या कहाणीत झाले. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’सारख्या संघटनांनी पुतळे उभारले, क्रमिक पुस्तकांवर पहारा ठेवला. गंमत अशी, की ॲपोमॅटॉक्सला त्या दिवशी दक्षिणेच्या बाजूने पुढे आलेले निशाण पांढरे होते. ताटे पुसायचा साधा फडका. त्याचा अर्धा तुकडा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. वारसाच मिरवायचा तर तोही वारसाच आहे. त्याचे टी-शर्ट मात्र कोणी छापत नाही.

फुलीचा झेंडा या काळात मुख्यतः जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांत आणि दफनभूमीत दिसे. तो राजकारणाच्या रस्त्यावर जोरात उतरला १९४८ मध्ये. डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांचा कार्यक्रम स्वीकारला, म्हणून दक्षिणेतले प्रतिनिधी अधिवेशनातून उठून गेले. साउथ कॅरोलायनाचे तेव्हाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड त्यांचे उमेदवार झाले, त्यांनी चार राज्ये जिंकली आणि त्यांच्या सभांतून हा झेंडा नाचू लागला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १९५६ मध्ये जॉर्जियाने आपला राज्यध्वज बदलून त्यात ही फुली घातली. १९६१ मध्ये युद्धाच्या शताब्दीचे निमित्त करून साउथ कॅरोलायनाने हा झेंडा विधिभवनाच्या घुमटावर चढवला. पुढच्या वर्षी तसा ठराव केला आणि उतरवायचा कधी, हे त्यात लिहिलेच नाही. शताब्दी सरली, झेंडा राहिला; घुमटावरून आवारातल्या खांबावर आला तो २००० च्या कायद्याने. कृष्णवर्णीय विद्यार्थी हॉटेलांच्या काउंटरवर चहा-कॉफीसाठी ठाण मांडून मार खात होते, ती हीच वर्षे. पूर्वजांची आठवण नेमकी याच मुहूर्तावर दाटून यावी, हा योगायोग पचायला जड आहे.

तरीही झेंडा लावणारा प्रत्येक जण वर्णद्वेष्टा, असे म्हणणे आळशीपणाचे ठरेल. सत्तरी-ऐंशीच्या दशकांत हा झेंडा बंडखोरीचे, खेडवळ रांगडेपणाचे चिन्ह म्हणून बाजारात आला. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या लोकप्रिय मालिकेतल्या नारिंगी मोटारीचे नावच ‘जनरल ली’ आणि तिच्या टपावर हा झेंडा. ती मालिका बघत वाढलेल्या पोराला स्टीफन्सचे भाषण ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्या खापरपणजोबांकडे एकही गुलाम नव्हता आणि तरी जे लढाईत मेले, त्यांच्या थडग्यावर घरचे लोक छोटा झेंडा ठेवतात. त्यावर कोणी आक्षेप घेऊ नये. २०११ मध्ये प्यू या जनमत-पाहणी संस्थेने विचारले, तेव्हा झेंडा पाहून बरे वाटते म्हणणारे ९ टक्के, वाईट वाटते म्हणणारे ३० टक्के आणि काहीच वाटत नाही म्हणणारे ५८ टक्के निघाले.

हे ‘काहीच न वाटणे’ चार्ल्सटननंतर ओसरत गेले. २०१५ च्या सीएनएनच्या पाहणीत ५७ टक्क्यांच्या मते झेंडा दक्षिणेच्या अभिमानाचा होता, ३३ टक्क्यांच्या मते वर्णद्वेषाचा. कृष्णवर्णीयांत मात्र ७२ टक्के त्याला वर्णद्वेषाचे चिन्ह म्हणत होते. जुलै २०२० मध्ये, कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर, क्विनिपियाक विद्यापीठाच्या पाहणीत पारडे फिरले: वर्णद्वेष ५६, अभिमान ३५. दक्षिणेतल्या मतदारांचे आकडेही जवळपास तेच. पाच वर्षांत इतिहासाचे एकही नवे कागदपत्र सापडले नव्हते. मग फिरले काय?

रक्त सांडले, आणि पैसा बोलू लागला. निक्की हेली यांचेच पाहा. आईवडील पंजाबातून आलेले शीख, लेक साउथ कॅरोलायनाची गव्हर्नर. २०१४ च्या निवडणुकीतल्या वादचर्चेत झेंड्याचा विषय निघाला, तेव्हा आपल्याकडे एकाही कंपनीच्या प्रमुखाने याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, असे उत्तर त्यांनी दिले होते. म्हणजे राज्यातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक कृष्णवर्णीय जनतेला काय वाटते, हा मुद्दा नव्हता. गुंतवणूकदारांना काय वाटते, हा होता. खुनांनंतर पाच दिवसांनी त्यांनी झेंडा हटवण्याची मागणी केली, हे त्यांचे श्रेय. तरी विधिमंडळ लगेच हलेना. २७ जूनला ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी शिरस्त्राण घालून थेट खांबावर चढली, बायबलमधली वचने म्हणत झेंडा काढून खाली आली आणि बेड्यांत गेली. तासाभरात झेंडा पुन्हा वर. अखेर सभागृहाने ९४ विरुद्ध २० मतांनी विधेयक मंजूर केले, हेली यांनी ९ जुलैला नऊ मृतांसाठी नऊ पेनांनी सही केली आणि १० जुलैला झेंडा संग्रहालयात रवाना झाला. याच हेलीबाई २०१९ मध्ये म्हणाल्या, की काही लोकांसाठी हा झेंडा सेवा आणि त्यागाचा होता, खुन्याने तो पळवला. राजकारणात वारा पाहून शीड फिरवणे नवे नाही, पण नऊ पेनांनंतर हे फारच वाईट दिसले.

मिसिसिपीची गोष्ट तर आणखी उघडीवाघडी. राज्यध्वजाच्या कोपऱ्यात ही फुली १८९४ पासून होती. २००१ च्या सार्वमतात जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी ती राखली. मिसिसिपी विद्यापीठात फुटबॉलच्या सामन्यांना प्रेक्षक हजारोंनी झेंडे आणत. बंदी घालावी तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य आडवे येई. १९९७ मध्ये विद्यापीठाने तोडगा काढला: स्टेडियममध्ये काठ्या आणायला मनाई. काठी नाही, तर झेंडा कशाला लावणार! कृष्णवर्णीय खेळाडू मिळणे अवघड होते, ही प्रशिक्षकाची तक्रार त्यामागे होती. जून २०२० मध्ये दक्षिणेतल्या बड्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने झेंडा बदलेपर्यंत राज्यात अजिंक्यपद सामने नाहीत, असे बजावण्याची तयारी दाखवली. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू कायलिन हिल याने झेंडा राहिला तर या राज्यासाठी खेळणार नाही, असे जाहीर केले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला गव्हर्नरांची सही झाली. नोव्हेंबरात मॅग्नोलियाच्या फुलाच्या नव्या ध्वजाला सुमारे ७३ टक्के मते पडली. मतपत्रिकेवर जुन्या झेंड्याचा पर्यायच ठेवला नव्हता, हे येथे सांगायला हवे.

म्हणून खासगी झेंडेही कायद्याने उतरवावेत काय? जर्मनीत नाझी स्वस्तिक मिरवणे गुन्हा आहे. अमेरिकेची घटना तशी मुभा देत नाही, आणि ते बरेच आहे. ज्याला आपल्या अंगणात, आपल्या ट्रकवर हा झेंडा लावायचा असेल त्याने लावावा. शेजाऱ्यांनी त्यातून काय समजायचे ते समजावे. सरकारचा खांब मात्र सगळ्यांच्या करातून उभा असतो. सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली. मोटारींच्या नंबरप्लेटवर हा झेंडा छापून देण्यास टेक्सासने दिलेला नकार न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला, कारण नंबरप्लेट म्हणजे सरकारचे बोलणे. तेव्हाचे एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, कट्टर परंपरावादी क्लॅरेन्स थॉमस, या वेळी उदारमतवाद्यांच्या बाजूला जाऊन बसले. निकालाची तारीख १८ जून २०१५. चार्ल्सटनच्या खुनांची दुसरी सकाळ.

या रेघेच्या अलीकडे अजून एक काम बाकी आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जॉर्जियाने २००१ मध्ये फुली काढली, त्याची किंमत म्हणून गव्हर्नर रॉय बार्न्स यांना पुढच्या निवडणुकीत गोऱ्या मतदारांचा रोष सोसावा लागला. २००३ मध्ये पुन्हा नवा ध्वज आला. दोन तांबडे पट्टे, मध्ये पांढरा, कोपऱ्यात निळ्यावर ताऱ्यांचे वर्तुळ. मनासासच्या धुरात ज्याने घोटाळा केला होता, तो कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज असाच होता. जॉर्जियाने त्यात आपले राज्यचिन्ह तेवढे बसवले. २००४ च्या मतदानात ७३ टक्के लोकांनी तो पसंत केला. फुली ओळखणारी जनता हा नमुना ओळखत नाही, म्हणून ना मोर्चा, ना बहिष्कार. तारखेच्या कसोटीला लावले तर हाही ध्वज उतरायला हवा: फुली गेल्याने रुसलेल्यांची समजूत काढण्यासाठी तो आणला गेला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मगावात, अटलांटाच्या विधिभवनावर, तो आजही फडकतो आहे.