पाडव्याच्या आदली रात्र



या वेळी खोडव्याच्या पाचटाविषयी लिहायचे होते, ते पुढल्या अंकात. आज रात्रीच्या विजेवर उसात दारे धरणाऱ्यांशी थोडे निराळे बोलतो.

एका फाल्गुन अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या रात्री, पन्हाळ्याच्या पश्चिमेला एका माळावर हौशी आकाशनिरीक्षकांबरोबर मी जागलो. शार्ल मेसिए नावाचा एक फ्रेंच गृहस्थ धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे पुसट ठिपके त्याला फसवायचे. तण ओळखून ठेवावे तशी त्याने त्यांची यादीच केली. १७७४ साली त्यातले ४५ ठिपके छापले, आज यादी ११० ची धरतात. मार्चअखेरच्या अमावास्येला जवळजवळ सगळे एका रात्रीत पाहता येतात.

दिवस मावळताच देवयानीतली दीर्घिका घाईने गाठली. तिचा उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला! मग कृत्तिका, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ, पुष्यातला पुंजका. यातली मृग आणि पुष्य ही आपलीच पावसाची नक्षत्रे, आणि हे तिन्ही काळोखात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मध्यरात्री सिंह आणि कन्या राशींच्या मधल्या दीर्घिका शोधताना मात्र मान आखडली.

तीनच्या सुमारास अडचण आली. वृश्चिक आणि धनू आग्नेयेला वर आलेले, आणि त्याच दिशेला कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड. त्यात शेजारच्या मळ्यातला शेडवरचा मोठा दिवा थेट डोळ्यांवर. आमच्यातला एक पोरगा विनंती करायला गेला. मळेवाल्या आजोबांनी दिवा बंद केला आणि खांद्यावर खोरे टाकून स्वतःच आले. विंचवाच्या नांगीजवळचा पुसट डाग त्यांना दुर्बिणीतून दाखवला. सुमारे ऐंशी ताऱ्यांचा थवा तो. बराच वेळ ते वाकून होते.

"ह्यो डाग मी पाण्याला आलो की बघतोय की, साहेब. वाटायचं, ढगाचा तुकडा असंल. पण शेडवर दिवा लावल्यापास्नं दिसंना झाला."

तो दिवा लावून तीन वर्षे झाली होती.

दिवा लावूच नका, असे मी म्हणणार नाही. बांधावर साप-विंचू असतात. चालताना बॅटरी आणि पायांत बूट हवेतच. पण शेडवरचा दिवा रात्रभर कशाला? वर झाकण घालून उजेड खाली पाडा, काम झाले की बंद करा. उगाच जळणारा दिवा आसपासचे पतंगही ओढून आणतो. प्रकाश सापळ्याखाली निदान पाण्याचे घमेले तरी असते.

बांधावर उभे राहिलात की बॅटरीवर लाल कागद गुंडाळा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. एक सरी भरेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

आजोबा फार थांबले नाहीत. पाणी फुटले होते.