फॉरमॅट मारण्याआधी...



घरचा कॉम्प्युटर हळू झाला की पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाका!" माझ्या मते हा पहिला नाही, शेवटचा उपाय आहे. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की डेस्कटॉपवरचे मुलांचे प्रकल्प, घरचे फोटो, आपली निकालपत्रकं सगळंच जातं.

म्हणून आधी एवढं करून बघा :

१. महत्त्वाच्या फाईल्सची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

२. 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर नुसत्या 'शट डाऊन'ने सगळं नव्याने सुरू होत नाही.

३. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. कोणता प्रोग्राम मेमरी खातोय ते दिसेल.

४. सी ड्राइव्ह भरलाय का ते पाहा. नको त्या फाईल्स काढा.

५. आपल्या नाशिकच्या उन्हाळ्यात पंख्यावर धूळ बसते. मशीन तापलं की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात ठेवा.

एमएस-सीआयटी २००१ पासून आहे. प्रमाणपत्रं घरोघरी आहेत, पण कॅबिनेट उघडायला हात धजत नाही! सायकलची चेन बसवायला आपण मुलांना शिकवतोच ना? मग महिन्यातून एका शनिवारी हेही त्यांच्याकडूनच करून घ्या.