कापडाखालची गाडी: चालवा, नाहीतर देऊन टाका



सुट्टीहून परत येऊन आठवडा झाला, पण नखांच्या कडेचं काळं अजून गेलेलं नाही. ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवला की शेजारचा मल्याळी सहकारी विचारतो, घरी जाऊन शेती केलीस काय? शेती नाही, वडिलांची मोटरसायकल उघडली. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावाकडच्या घरी जिन्याखाली नाहीतर पडवीत अशी एक गाडी कापड पांघरून उभी असणार, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथंच थांबू शकतील. जुनी गाडी आठवण म्हणून झाकून ठेवू नका. चालती ठेवा. ते जमणार नसेल तर चालवणाऱ्याला देऊन टाका. झाकून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे, हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं.

आमची गाडी हिरो होंडा सीडी-१००. वडील कुरुंदवाडला शिक्षक होते, त्यांनी १९९१ साली घेतली. मी तेव्हा तीन वर्षांचा, त्यामुळे टाकीवर बसून केलेला प्रवास ही माझी गाडीची पहिली आठवण. हिरो आणि होंडाचा करार १९८४ चा, आणि ही गाडी १९८५ साली बाजारात आली. ९७.२ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. जाहिरात होती 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. भरा, झाकण लावा, विसरा. आमच्या घरी पहिल्या दोन गोष्टी तीस वर्षं नीट झाल्या. तिसरी मी केली.

ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना वेगळं सांगायला नको. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या, शिरोळ तालुका पाण्यात गेला. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. माणसं वेळेत बाहेर पडली, गाडी राहिली. चार-पाच दिवस ती पूर्ण पाण्याखाली होती. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. पाणी ओसरल्यावर आलो तर हेडलाइटच्या काचेत गाळ आणि सायलेन्सरमध्ये आणखी गाळ. मला वाटलं, गेली.

वडिलांनी पहिलं वाक्य बोलले ते असं: "किकला हात लावू नको." पुढचे तीन दिवस आम्ही दोघं आणि गल्लीतले मिस्त्री असे गाडीभोवती बसून होतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्लग काढला, मग किक हातानं हळूहळू दाबून पाणी बाहेर काढलं. इंजिन ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. स्वस्तातलं ऑइल भरायचं, इंजिन थोडं फिरवायचं, काढून टाकायचं. असं तीनदा केल्यावर ते पांढरं यायचं थांबलं. कार्ब्युरेटर उघडून धुतला, ब्रेक शू आणि चाकांच्या बेअरिंगा साफ केल्या, वायरिंगचे सगळे जोड सुटे करून उन्हात ठेवले. चौथ्या दिवशी दहा-बारा किकांनंतर गाडी सुरू झाली. त्या आठवड्यात घरात हसण्यासारखं तेवढंच काही घडलं.

२०२१ च्या पुरात शहाणपण आलं होतं. गाडी आधीच उंचावर नेऊन ठेवली.

२०२२ मध्ये मी इकडे हफ्रला आलो. २०२३ मध्ये वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किक मारणं बंद झालं. मीच फोनवरून सांगितलं, "अप्पा, कुणाला देऊ नका, झाकून ठेवा. मी आलो की बघतो." चांगलं जाड ताडपत्रीचं कव्हरही पाठवलं. नंतर दोनदा सुट्टीवर गेलो. एकदा लग्नाच्या गडबडीत, एकदा बँक आणि डॉक्टर यांत दिवस संपले. कव्हर उचलून बघितलं, टाकीवरून हात फिरवला आणि परत झाकली. हा आपल्यातल्या बहुतेकांचा कार्यक्रम असतो. खोटं असेल तर सांगा :-)

या सुट्टीत ठरवून पंधरा दिवस काढले आणि गाडी उघडली. टाकी आतून गंजलेली, तळाशी पाणी. पेट्रोलला जुन्या वार्निशचा वास. कार्ब्युरेटरच्या वाटीत हिरवट-पांढरा थर, जेट पूर्ण बंद, वाटीचं रबर फुगून जागेवर बसेना. क्लचप्लेटा एकमेकींना चिकटलेल्या. मागचा ब्रेक जाम. बॅटरी मेलेली, टायरना चिरा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर, पिलांसकट. महापुरानंतर तीन दिवसांत उठलेली गाडी कापडाखाली दोन-अडीच वर्षांत पार बसली होती.

वडील खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "पाण्यात बुडाली तेव्हा आपण लगेच हात घातला की रे. तू गेलास आणि आम्ही तिला मखरात बसवली."

मी लगेच दोष इथेनॉलवर ढकलला. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते सांगतो. भारतात जून २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात उभ्या गाडीत हे होणारच. नव्वद सालच्या गाडीतली रबरं या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की अशा जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज वीस टक्के इथेनॉलवर साधारण तीन ते चार टक्के कमी होईल. गंमत म्हणजे या इथेनॉलमागे आमच्याच कृष्णाकाठचा ऊस आहे. एका हातानं ऊसबिल घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं जेट साफ करायचा.

पण खरा दोष इथेनॉलचा नाही, हे मला इथल्या सनाइयात कळलं होतं. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही, एवढंच. ज्यांनी हफ्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: हे गाव सौदीच्या ईशान्य कोपऱ्यात, कुवेत आणि इराकच्या सीमेजवळ. उन्हाळ्यात भट्टी, पण थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. सोबत पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर. थंडी संपली की तो जनरेटर पेट्रोलसकट गोदामात, आणि पुढच्या थंडीच्या तोंडावर सनाइयातल्या दुकानांसमोर अशा जनरेटरांची रांग. माझ्या ओळखीचे एक पाकिस्तानी मेकॅनिक आहेत. मी दोन-तीन शुक्रवार त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो. प्रत्येक जनरेटरचं निदान एकच: जेट बंद. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही, हवा कोरडी. तरीही उभं राहिलेलं पेट्रोल घट्ट होऊन चिकटतंच. ते म्हणाले होते, "भाई, मशीन चलने से कम, खड़े रहने से ज़्यादा मरती है." आमच्या गाडीचा फोटो दाखवल्यावर त्यांनी लगेच ओळखली. त्यांच्याकडे होंडा सीडी-७० घरोघरी असते, ही तिची थोरली बहीण म्हणे. कार्ब्युरेटर उघडायचा क्रम मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आता हरकती. माझ्या इथल्या एका मित्राचं म्हणणं असं की हिशेब कर आणि भंगारात दे. त्याचा हिशेब चुकीचा नाही. २००६ नंतर आमच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं: २०११, २०१६, २०२१, २०२६. वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार रुपये झालं. वर पर्यावरण कर, पीयूसी, विमा, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. या वेळच्या दुरुस्तीला साडेसात हजार गेले, ते वेगळेच. दुसरी हरकत सुरक्षिततेची. तीही मान्य. पुढं-मागं ड्रम ब्रेक आणि मिणमिणता दिवा घेऊन रात्री हायवेवर जाणं हा शहाणपणा नाही.

पण माझा मुद्दा जुन्या गाडीचं कौतुक करा असा नाहीच. ती वापरात असेल तर हा खर्च वाजवी आहे. गावातल्या गावात फिरायला अशी गाडी अजून पुष्कळ वर्षं चालेल, आणि दुरुस्तीचं जवळजवळ सगळं काम घरी होण्यासारखं आहे. ती वापरात नसेल तर एक रुपयाही जास्तच. सगळ्यात वाईट म्हणजे आपण निवडतो तो मधला मार्ग: विकवत नाही, चालवत नाही, आणि उंदीर हाकलायचं काम म्हाताऱ्या आई-वडिलांवर सोपवून विमानात बसतो.

ज्यांना गाडी ठेवायची आहे त्यांच्यासाठी, अनुभवातून:

१. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं चालवणारा माणूस शोधा. नुसती जागेवर सुरू करून बंद करणं पुरेसं नाही. इंजिन नीट तापलं नाही तर आत ओल साचते.

२. असा माणूस नसेल तर निघण्याआधी टाकी रिकामी करा, आतून थोडं ऑइल फिरवा. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करा आणि उरलेलं पेट्रोल सांडून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. माझे साडेसात हजार यातच वाचले असते.

३. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, किक दोन-तीनदा हळू दाबा, प्लग परत लावा. बॅटरीची वायर काढा. गाडी मधल्या स्टँडवर ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरला कापड कोंबा, आणि कोंबलंय अशी चिठ्ठी हँडलला बांधा.

४. हवा न जाणारं कव्हर घालू नका. माझ्या ताडपत्रीनं ओल आतच धरून ठेवली. जुनी सुती चादर बरी.

५. ऑइल बदलणं, प्लग साफ करून ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप ठेवणं, चेन ताणणं, कार्ब्युरेटर धुणं, एवढं स्वतः शिका. चार पाने, एक प्लगपाना आणि फिलर गेज पुरतं. आपण सर्व्हर दुरुस्त करतो ते रियाधला बसलेल्या माणसाला दिसतही नाही. इथं किक मारली की गल्लीला कळतं.

६. देऊन टाकायची असेल तर नावही बदलून द्या. फॉर्म २९ आणि ३० भरा. उद्या अपघात झाला तर कागदावरचा मालकच सापडतो.

आमचं काय ठरलं ते सांगतो. माझा चुलतभाऊ नृसिंहवाडीला दुकानात कामाला आहे, रोज बसनं जायचा. गाडी त्याला दिली. मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. टाकीवर बसायचो तिथला रंग उडालेला भाग मी शेवटच्या दिवशी दोनदा पुसला. अट एकच घातली, रविवारी गाडी आमच्या अंगणात आणायची आणि अप्पांसमोर ऑइल, चेन, हवा बघायची. अप्पांना किक मारता येत नाही, पण इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट ढिला झालाय हे ते खुर्चीवरून सांगतात.

परवाच्या रविवारी फोन केला. एरवी आमचं बोलणं "जेवलास का, गोळ्या घेतल्या का" यापुढे जात नसे. या वेळी वीस मिनिटं झाली. क्लच कुठं घसरतोय, पोरगा चोक बंद करायला कसा विसरतो, आणि फिलर गेज मीच चुकून बॅगेतून इकडे घेऊन आलोय, तो कधी पाठवणार, यावरून अप्पा मला झापत होते.

कुणी येत्या महिन्यात सांगली-कोल्हापूरकडे जाणार असेल तर कळवा. वजन काहीच नाही त्याला.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक कुरुंदवाडकर
हफ्र अल बातिन