हात हवेत, माणूस नको!

अर्थशास्त्राच्या तासाला आपण ‘श्रमाची गतिशीलता’ शिकतो. जिथे मजुरी जास्त, तिथे मजूर जातो, असे पुस्तक सांगते. पण तिथे पोचल्यावर त्याला पुढे हलता येते का? अमेरिकेतील परदेशी शेतमजुरांच्या हंगामी परवान्यांविषयी वाचताना हा प्रश्न मला पुन:पुन्हा पडला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर माणसे कमी पडली. १९४२ साली अमेरिका व मेक्सिको या सरकारांत करार झाला आणि मेक्सिकन मजूर हंगामापुरते येऊ लागले. त्यांना म्हणत ‘ब्रासेरो’. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. युद्ध संपले, तरी योजना १९६४ पर्यंत चालली. सुमारे ४६ लाख करार झाले. कागदावर सारे चोख होते. प्रत्यक्षात पहिल्या काही वर्षांत मजुरीतून बचत म्हणून दहा टक्के कापले गेले आणि ते पैसे अनेकांच्या हाती कधीच पडले नाहीत. सरहद्दीवर माणसांच्या अंगावर डीडीटी फवारले जाई. १९६३ साली कॅलिफोर्नियात चुआलारजवळ, बाके टाकलेल्या मालमोटारीतून मजूर नेले जात असताना आगगाडीची धडक बसली आणि ३२ जण मेले.

योजना बंद झाली आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, डेलानोच्या द्राक्षमळ्यांत मजुरांचा प्रसिद्ध संप झाला. हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. मालकाला उद्याच ज्याच्या जागी दुसरा आणता येतो, तो मजूर संप कसा करणार?

आज तेच काम ‘एच-२ए’ नावाच्या परवान्यावर चालते. १९८६ च्या कायद्याने त्याला हे रूप दिले. मालकाला फुकट निवारा द्यावा लागतो, करारातील तीन-चतुर्थांश कामाची हमी द्यावी लागते. नियम वाईट नाहीत. २०२३ साली पावणेचार लाखांहून अधिक जागांना मंजुरी मिळाली. पण मेख अशी, की परवाना मालकाच्या अर्जावर मिळतो. काम सोडले, तर देशात राहण्याचा आधारच सुटतो. दुसऱ्याकडे जायचे, तर त्या मालकाने नव्याने अर्ज करायला हवा. गावी कर्ज काढून आलेला माणूस मग मजुरी बुडाली तरी तक्रार कोणत्या बळावर करील?

कुणी म्हणेल, “तो स्वखुशीने येतो, गावात मिळाले नसते एवढे कमावतो.” खरे आहे. म्हणूनच योजना बंद करा, असे मी म्हणत नाही. बंद केली, तर तोच मजूर चोरवाटेने येईल आणि अधिकच लाचार होईल. पण येण्याची खुशी असेल, तर सोडून जाण्याचीही हवी. परवाना मजुराच्या नावावर असावा. शेतमालक बदलण्याचा हक्क त्याचा असावा. चांगला मालक त्याने घाबरणार नाही.

आणि अमेरिकेला बोल लावताना आपण आपल्याकडेही पाहावे. बीडकडून उसाच्या फडावर जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपण ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. मुकादमाची उचल फिटेपर्यंत तीही जागची हलू शकत नाही. तिला तर कोणतीही सरहद्द ओलांडावी लागत नाही.

तिकडे बाहू, इकडे कोयता. नावातूनच माणूस गळाला, तर कायद्यात तो कुठून येणार?