शाळेच्या कागदावर आईची सही



परदेशी दिलेल्या लेकींविषयी आपल्याकडे बोलणं होतं ते व्हिसा, जावयाची नोकरी आणि बाळंतपणाला कोण जाणार एवढ्यापुरतं. नातवंडांच्या शाळेचा विषय निघालाच तर "तिथे सगळं फुकट असतं म्हणे" या वाक्यावर संपतो. सल्ला केंद्रात काम करताना अशा लेकींच्या आयांशी, कधी रात्री उशिरा फोनवर त्या लेकींशीच बोलायची वेळ येते. मी दर वेळी विचारते, "शाळेशी कोण बोलतं?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "ते सगळं हेच बघतात."

या 'सगळं'मध्ये काय काय येतं, हे पाहण्यासारखं आहे. न्यू जर्सी राज्याचं उदाहरण घेऊ. तिथल्या एडिसन आणि आसपासच्या उपनगरांत भारतीय वस्ती मोठी आहे, मराठी घरंही पुष्कळ आहेत. तिथे सरकारी शाळा चालवतो तो 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. नाव जिल्ह्याचं असलं तरी हा आपला जिल्हा नव्हे. बहुधा एका गावाचा किंवा उपनगराचा स्वतंत्र शालेय कारभार असतो. त्याचं स्वतःचं मंडळ असतं आणि खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतून येतो. म्हणून तर घर घेताना आपली माणसं "डिस्ट्रिक्ट कसा आहे?" हे आधी विचारतात. (चांगल्या डिस्ट्रिक्टमधली घरं महाग, आणि महाग घरांच्या पट्टीमुळे डिस्ट्रिक्ट चांगला. या चक्राबाहेर कोण राहतं, याविषयी आपल्या मंडळींत फारसं बोललं जात नाही.)

या शाळा मुलाला वर्गात बसवून थांबत नाहीत. बोलण्यात अडखळणाऱ्या मुलासाठी वाचा-उपचार, इंग्रजी नवीन असणाऱ्यांसाठी वेगळे तास, समुपदेशक, परिचारिका, बस, गरजूंना मोफत जेवण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अपंग मुलांचं शिक्षण. 1975 सालच्या कायद्याने अशा प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेनुसार विनामूल्य शिक्षण देणं हे सरकारी शाळांचं कर्तव्य ठरलं. आज ते तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं. आपल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं वय सहा ते चौदा आणि 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं सहा ते अठरा, हे आठवलं की ते तिसरं वर्ष डोळ्यांत भरतं.

पण हे सारं सुरू व्हायला एक सही लागते. पालकाच्या लेखी संमतीशिवाय डिस्ट्रिक्ट मुलाची पहिली तपासणी करू शकत नाही आणि संमतीशिवाय सेवाही सुरू करू शकत नाही. ही सही आईची चालते. न्यायालयाचा वेगळा हुकूम नसेल तर आईवडिलांपैकी एकाची सही पुरते.

हे मी ठासून सांगते त्याला कारण आहे. नवऱ्याच्या नोकरीला जोडलेल्या एच-फोर व्हिशावर गेलेल्या बाईच्या नावावर तिथे जवळजवळ काही नसतं. घराचा करार, विमा, कित्येकदा बँकेचं खातंसुद्धा त्याच्या नावावर. 2015 च्या नियमाने अशा काही जणींना नोकरीचा परवाना मिळू लागला, पण तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्यावर पोचल्यावर. इथली इंजिनियर, इथली एम. कॉम. झालेली मुलगी तिथे 'डिपेंडंट' होते. त्या सगळ्या व्यवस्थेत शाळा ही एकच अशी सार्वजनिक जागा, जिथे तिचा हक्क नवऱ्याच्या नोकरीतून येत नाही. तो आई म्हणून तिचा स्वतःचा असतो. 1982 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या खटल्यात असा निकाल दिला की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. तेव्हा कायदेशीर व्हिशावरच्या आईने शाळेत जाऊन बोलायला कचरण्याचं कारणच नाही.

तरीही ती कचरते. का, याचा दोष तिच्या इंग्रजीवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तीन वर्षांचा मुलगा बोलत नाही असं ती फोनवर सांगते, तेव्हा पुण्याहून, साताऱ्याहून आपणच म्हणतो, "मुलगे उशिराच बोलतात गं, तुझा मामा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." सासरचे म्हणतात, शाळेच्या रेकॉर्डवर येईल, मुलाला शिक्का बसेल. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मुलाच्या वाढीतलं एक वर्ष असं जातं, आणि पुढे खापर फुटतं ते आईवरच. तू दिवसभर घरात होतीस, तुला कळलं नाही?

भाषेची गोष्ट याहून दुखरी. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलतात ते विचारतात. आपली पुष्कळ कुटुंबं मूल 'मागच्या' वर्गात पडेल या भीतीने 'इंग्रजी' असं लिहून मोकळी होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या पालकांनी लढून 1974 साली सर्वोच्च न्यायालयातून जो हक्क मिळवला, त्यावर आपण स्वतःच्या हाताने काट मारतो. दुसरीकडे एखादी शिक्षिका सद्हेतूने सांगते की मूल गोंधळतंय, घरात इंग्रजीच बोला. घरच्या भाषेमुळे वाचादोष होत नाही, हे त्या विषयातले तज्ज्ञ आता स्पष्टपणे सांगतात. पण तो सल्ला घरात शिरला की काय होतं? बाप ऑफिसचं इंग्रजी बोलत राहतो आणि जिला मराठीत गोष्ट सांगता येते, रागावता येतं, लाड करता येतात, ती आई आपल्याच घरात मुकी होते.

आता अवघड भाग. ज्या घरात मारहाण आहे तिथे शाळा काय करू शकते? पुष्कळ काही. बेघर मुलांसाठीचा 1987 चा कायदा आहे. आई मुलांना घेऊन आश्रयगृहात गेली तर मुलं त्या कायद्याखाली येतात. कागद अपुरे असले तरी प्रवेश ताबडतोब द्यावा लागतो, मुलाच्या हिताचं असेल तर जुनी शाळा चालू ठेवावी लागते आणि तिथे जायची सोयही करावी लागते. 'शाळा बुडेल' म्हणून थांबलेल्या कित्येकींना हे कोणी सांगितलेलंच नसतं. पण दोन गोष्टी आधी माहीत असायला हव्यात. एक, मुलांवर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर शाळेच्या माणसांना ते सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. समुपदेशकाशी बोलणं म्हणजे मैत्रिणीशी बोलणं नव्हे. दुसरी, 1974 च्या कायद्याने मुलाच्या नोंदी पाहण्याचा हक्क आईवडील दोघांनाही आहे. न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल तर त्या नोंदींतून नवा पत्ताही नवऱ्याला कळू शकतो. म्हणून आधी स्त्रियांच्या संघटनेशी बोलावं. न्यू जर्सीतच 1985 साली 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संघटना सुरू झाली, ती या प्रश्नांतूनच.

त्या देशाचं कौतुक करायला मी बसलेली नाही. या शाळांचे मेळावे, ग्रंथालय, सहली पालक-शिक्षक संघाच्या फुकट श्रमांवर चालतात, आणि ते श्रम बहुतांशी आयांचे. नोकरीचा परवाना नसलेली उच्चशिक्षित बाई तिथे केक विकते आणि फोटोकॉपी काढते. शिवाय 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी केंद्रीय शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला, त्याच सुमारास खात्याचे निम्म्याच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचं जाहीर झालं आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती कपात अडवली नाही. कायदे पुस्तकात आहेत. त्यांचा पाठपुरावा करणारे हात कमी झाले. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असा नियम असूनही सह्या घरी पाठवून कशा घेतल्या जातात, ते तुम्ही जाणताच.

तर लेकीला, भाचीला, मैत्रिणीला एवढं कळवा. शाळेत तुझा ईमेल आणि तुझा फोन नंबर वेगळा नोंदव. मुलाविषयी शंका असेल तर तोंडी सांगून थांबू नकोस. दोन ओळींचं पत्र पुरतं: माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी करावी अशी माझी विनंती आहे, आणि बैठकीला मराठी दुभाषी हवा आहे. बैठक समजण्यासाठी दुभाष्याची सोय करणं ही त्यांची जबाबदारी आहे. नवऱ्याने भाषांतर करायची गरज नाही. न्यू जर्सीत लेखी विनंती मिळाल्यापासून वीस दिवसांत डिस्ट्रिक्टला बैठक घ्यावी लागते. त्या मुदतीत शाळेच्या सुट्ट्या धरत नाहीत, उन्हाळ्याची मोठी सुट्टी मात्र धरतात. म्हणून पत्रावर तारीख घाल, एक प्रत स्वतःजवळ ठेव, आणि सही तुझी कर.