रक्त तपासले, मनाचे काय?

२५ मार्च २०२० रोजी देशाला टाळे लागले. पुढे १ मे रोजी केंद्र सरकारने ६५ वर्षांवरील नागरिकांना व जुन्या व्याधी असलेल्यांना घरातच राहण्यास फर्माविले. हेतू रक्षणाचाच होता, हे आम्ही नाकारीत नाही; त्या साथीचा घाला याच लोकांवर अधिक जीवघेणा पडत होता. परंतु वृद्ध मधुमेह्याचा सकाळचा फेरफटका ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. चालण्याने साखर आटोक्यात राहते, बागेतल्या बाकावरील चार शब्दांनी मन. दोन्ही एकदम हिरावली गेली. मधुमेह आणि नैराश्य एकमेकांना पोसतात: खचलेला माणूस पथ्य सोडतो, गोळ्या चुकवितो, साखर बिघडली की मन आणखी खचते. स्पेनने २ मे २०२० पासून सत्तरीपुढील वृद्धांसाठी फिरण्याच्या वेगळ्या वेळा राखून ठेवल्या. आपल्या राज्यकर्त्यांना हे का सुचू नये? पुढील साथीच्या नियमावलीत ही तरतूद आधीच हवी. आणि साखर तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने रुग्णाच्या मनाचीही विचारपूस केली पाहिजे. वृद्धांचे प्राण वाचविणे हे कर्तव्य खरेच; त्यांची उमेद राखणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.