दात उजळले, देखभालीचे काय?

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘स्माइल डिझाइन’ हे शब्द ठळक होऊ लागतात. दातांचा पिवळटपणा घालवायचा, पुढच्या दोन दातांमधली फट बुजवायची, कोपरा तुटलेला दात पुरा करून घ्यायचा, या इच्छेत वावगे काहीच नाही. वर्षानुवर्षे तोंडावर हात धरून हसणाऱ्याला त्यातून मिळणारा दिलासा खरा असतो. मात्र खर्चाची चर्चा जितकी तपशिलात होते, तितकी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची होत नाही. पुढे बिघडते ते बहुधा इथेच.

या उपचारांचे मूळ हॉलिवूडमध्ये आहे. चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य १९३०च्या आसपास नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच बसवून देत. ते तात्पुरते असे. चित्रीकरण आटोपले की काढून ठेवायचे. पुढे १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल खरखरीत केले की त्यावर ॲक्रिलिक घट्ट धरते, हे दाखवून दिले. त्या वाटेने आजचे व्हेनिअर आले आणि ते काढून ठेवण्याची सोय गेली. व्हेनिअर नीट बसावे म्हणून बहुतेक वेळा दाताचा पुढचा थर साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते. घासलेले एनॅमल परत येत नाही. म्हणजे एकदा व्हेनिअर बसवले की ते केव्हा तरी बदलावे लागणार, आणि त्या दातावर आयुष्यभर काही ना काही आवरण ठेवावे लागणार. ही गोष्ट यंत्र दाताला लागण्याआधी रुग्णाला कळायला हवी.

‘आता दात पोर्सिलेनचे, कीड कशाला लागेल?’ हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. पोर्सिलेनला कीड लागत नाही हे खरे. पण त्याची कड जिथे खऱ्या दाताला मिळते, तिथे लागते. ही सांध बहुधा हिरडीलगत असते आणि किटणही तिथेच साठते. म्हणून मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, दिवसातून दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टने हलक्या हाताने घासावे. दोन दातांमधली जागा रोज फ्लॉसच्या दोऱ्याने साफ करावी. कॅप बसवलेल्यांनाही हेच लागू. कोळशाची पेस्ट, राखुंडी, मीठ यांनी खसाखसा घासल्याने चकाकी वाढत नाही. पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि डाग तिथे अधिक धरतात. मशेरीबद्दल तर बोलायलाच नको. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी तंबाखू भाजून दात घासणे काही थांबलेले नाही.

कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे सिमेंट, स्वस्त पडते आणि एका बैठकीत होते. त्याचा स्वभाव मात्र वेगळा. चहा, कॉफी आणि आपल्या रोजच्या आमटीतली हळद त्याला हळूहळू रंग चढवतात. त्याला ठरावीक काळाने पॉलिश करून घ्यावे लागते. ब्लीचिंगची गोष्ट आणखी निराळी. त्याचा परिणाम कायमचा नसतो, आणि कॅप, व्हेनिअर किंवा आधी भरलेले सिमेंट त्याने उजळत नाही. त्यामुळे आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून नव्या रंगाशी जुळणारे काम, हा क्रम राखावा. ब्लीचिंगनंतरचे पहिले दोन दिवस चहा-कॉफी आणि हळदीचे पदार्थ टाळलेले बरे. दात शिवशिवतात, ते बहुधा काही दिवसांत थांबते. हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीचिंगला जाणाऱ्या नवऱ्या मुलामुलींनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

ब्युटी पार्लरमध्ये दात पांढरे करून घेणे हा वेगळाच धोका आहे. युरोपीय संघात ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने दंतवैद्यामार्फतच द्यावी लागतात आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वर्ज्य आहेत. आपल्याकडेही १९४८च्या कायद्याने दंतचिकित्सा नोंदणीकृत दंतवैद्याचेच काम ठरवले आहे. पार्लरमध्ये हिरडी भाजली तर दाद कोणाकडे मागणार?

तुटण्याची कारणे मात्र साधी असतात. उसाचे कांडे दातांनी सोलणे, सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण किंवा मसाल्याची पुडी दाताने उघडणे, नखे कुरतडणे. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री दातांवर बसवायचा गार्ड करून घ्यावाच. नाहीतर चांगले व्हेनिअरही टिकत नाही. लिंबू सरबत किंवा कोला प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे.

दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, आणि नव्या दंतवैद्याकडे गेल्यास कोणत्या दातांवर काय बसवले आहे ते आधी सांगावे. किटण काढण्याचे यंत्र चुकीच्या जागी लागले तर पोर्सिलेनचा टवका उडतो, आणि फ्लोराइडच्या काही आम्लयुक्त जेलने त्याची झळाळी जाते. रुग्णाला हे सारे आठवणे कठीणच. त्यासाठी कोणत्या दातावर, कोणत्या तारखेला, कोणते साहित्य बसवले याची नोंद असलेले एक कार्ड दवाखान्याने बिलासोबत द्यावे. गाडी घेताना सर्व्हिसिंगची पुस्तिका मिळते. दातांना ती का मिळू नये? आणि कोणी दिली नाही, तर पैसे देण्यापूर्वी रुग्णाने ती मागून घ्यावी.